जात कियांतीची, गाव अकलूज, मग बाटलीवर नाव कुणाचं?



लेबलवर प्रसिद्ध गावाचं नाव टाकलं की माल खपतो, असं बऱ्याच जणांना वाटतं. खपतोही. पण ते नाव वापरायचा हक्क आपल्याला आहे का? आज एका वाइनची गोष्ट बघू. (प्यायचा सल्ला नाही हं, धंद्याचा आहे!)

इटलीत फ्लॉरेन्स आणि सिएना या शहरांच्या मधल्या टेकड्यांवर 'कियांती क्लासिको' ही रेड वाइन बनते. १७१६ मध्ये तिथल्या ग्रँड ड्यूकने हुकूम काढून कियांतीची हद्दच आखून दिली. १९२४ मध्ये उत्पादकांनी संघ काढला आणि काळा कोंबडा हे चिन्ह घेतलं. आजचा नियम असा: द्राक्षं त्याच हद्दीतली हवीत आणि त्यात किमान ८० टक्के सांजोव्हेसे जातीची. कोंबडा दिसला की गिऱ्हाईक जास्त चौकशी करत नाही.

आता आपल्या सोलापूर जिल्ह्यात या. अकलूजच्या फ्रातेल्ली वाइन्समध्ये मोहिते-पाटील कुटुंबाबरोबर दिल्लीचे आणि इटलीचे भागीदार आहेत. बागेत हीच सांजोव्हेसे, आणि वाइनमेकर पिएरो मासी टस्कनीचे, म्हणजे थेट कियांतीच्याच मुलखातले. तरी बाटलीवर 'कियांती' लिहिता येत नाही. वाइनच्या बाबतीत ट्रिप्स करार इतका कडक आहे, की 'कियांती स्टाइल' असंसुद्धा चालत नाही.

मग त्यांनी स्वतःचं नाव उभं केलं. फ्रातेल्ली म्हणजे भाऊ. त्यांची मानाची वाइन 'सेत्ते', म्हणजे सात, कारण भागीदार सात. भाषा इटलीची, पण गाव कुणाचं उसनं घेतलं नाही. मला ही खरी हुशारी वाटते.

आता पुण्याचं बोलू. पुरंदरच्या अंजिराला २०१६ मध्ये जीआय मिळालं. समजा, तुम्ही अंजीर पॅक करून विकता. माल बाहेरचा असेल, तर 'पुरंदर' छापूच नका. कायद्यात तुरुंगवासाची तरतूद आहे. माल खरोखर पुरंदरचा असेल, तर चेन्नईच्या जीआय नोंदणी कार्यालयाकडे 'अधिकृत वापरकर्ता' म्हणून अर्ज करा. नोंदणी संस्थेच्या नावावर असली, तरी शेतकऱ्याला आणि पॅकिंग करणाऱ्यालाही ही वाट खुली आहे. अर्जाची फी २०२० मध्ये ५०० रुपयांवरून १० रुपयांवर आली. माल कुठल्या बागेतून घेतला, त्याच्या पावत्या मात्र आजपासूनच फाइलला लावायला लागा.