नेट गेलंय, पण नक्की कुठे?

किनवट-माहूरकडून पहाटेच्या बसने आलेला रुग्ण नोंदणीच्या खिडकीशी पोचतो आणि आतून उत्तर येतं, ‘नेट नाही, थांबा.’ नांदेड-लातूरकडच्या सरकारी दवाखान्यांत हे वाक्य ओळखीचं झालं आहे. केसपेपर, ‘आभा’चा 14 अंकी क्रमांक, रक्ताचे अहवाल, सीटीच्या प्रतिमा, सगळं एका केबलमधून येतं. अशा वेळी केसपेपर सरळ हाताने लिहावा, रुग्णाला थांबवू नये. आणि केबलकडे वळावं.

बहुतेक जण आधी संगणक बंद-चालू करतात. तपासणीआधीच सलाईन लावण्यातला हा प्रकार. त्यापेक्षा संगणकाच्या मागे पाहा. केबल शिरते तिथे बारीक दिवे असतात. ते विझलेले असतील तर पासवर्ड किंवा सॉफ्टवेअरला दोष देऊ नका. खोट केबलमध्ये, भिंतीतल्या सॉकेटमध्ये, स्विचमध्ये किंवा संगणकाच्या पोर्टमध्ये आहे. लिनक्सवर टर्मिनल उघडून ‘आयपी ॲड्रेस’ ही आज्ञा इंग्रजी लहान अक्षरांत दिली, की ‘नो-कॅरियर’ असं स्वच्छ लिहून येतं. चांगली केबल लावून पाहावी. मात्र ती चालू मॉनिटरची उपसू नये! आपल्याकडे पहिला संशयित उंदीर. दुसरी वळवाच्या पावसातली वीज. जवळ पडली तर तांब्याच्या तारेतून पोर्ट जाळते.

या केबलमध्ये आठ तारा जोडीजोडीने पिळलेल्या असतात. पीळ उगाच नाही. बाहेरचा विद्युत गोंधळ जोडीतल्या दोन्ही तारांवर जवळपास सारखाच पडतो आणि पलीकडच्या टोकाला वजाबाकीत निघून जातो. 100 मेगाबिटच्या वेगाला चार तारा पुरतात, 1 गिगाबिटला आठही लागतात. म्हणून एखादी तार तुटली की पुष्कळदा नेट पूर्ण बंद न पडता लंगडतं. केसपेपर निघतो, पण सीटीच्या शेकडो प्रतिमा उघडता उघडत नाहीत. डोक्याला मार लागलेल्या रुग्णासाठी ती दहा मिनिटं फार मोलाची असतात. ‘नेट स्लो आहे’ ही तक्रार मी तरी हलक्यात घेत नाही.

दिवे लागत असतील तर त्याच आज्ञेच्या उत्तरात ‘आयनेट’पुढचा पत्ता पाहा. 127.0.0.1 हा संगणकाचा स्वतःचा, तो सोडा. दुसरा पत्ताच नसेल, किंवा 169.254 ने सुरू होत असेल, तर पत्ते वाटणाऱ्या राउटरकडून उत्तर आलेलं नाही. पत्ता ठीक असेल तर राउटरच्या क्रमांकाला ‘पिंग’ करा. राउटर बोलतो पण 8.8.8.8 बोलत नाही, म्हणजे बहुधा बाहेरची लाइन गेली. आकडा बोलतो पण संकेतस्थळाचं नाव नाही, तर नावावरून पत्ता शोधणारी डीएनएस सेवा अडली आहे. लिनक्सवर पिंग आपणहून थांबत नाही, कंट्रोल आणि सी दाबावं लागतं. इंजिनिअरला फोन करताना यातलं काय दिसलं ते सांगा. निदान येताना तो योग्य सामान घेऊन येईल.