पिंजऱ्यातलं नव्हे, घरातलं बाळंतपण

गेल्या उन्हाळ्यात आमच्या शेजारच्या वहिनींकडे एक गृहस्थ आले. लॅब्रॅडॉर कुत्र्यांची पैदास करून पिल्लं विकणं हा त्यांचा धंदा. म्हणाले, "ताई, दीड वर्षाची मादी देतो. पैसे नकोत. राहील तुमच्याच घरी, फक्त पिल्लं आमची." मुलं नाचायलाच लागली. वहिनी मात्र माझ्याकडे आल्या, "फुकट मिळतेय, पण घ्यावी का हो?"

मला आधी शेळी आठवली. शेळी एकाची, चारापाणी दुसरीचं आणि पिल्लं वाटून घ्यायची, ही रीत आपल्या खेड्यापाड्यांत जुनीच आहे. कुत्र्यांच्या बाबतीत असंच काहीसं इंग्लंडमध्ये पद्धतशीर चालतं. तिथं १९३१ साली म्युरिएल क्रुक आणि रोझामंड बाँड या दोघींच्या खटपटीनं अंधांना वाट दाखवणारे पहिले चार कुत्रे तयार झाले. चारही माद्याच होत्या बरं का! १९५६ पासून त्या संस्थेची पिल्लं वाढवायला कुटुंबांकडे दिली जाऊ लागली. आज तर पैदाशीच्या माद्याही स्वयंसेवकांच्या घरीच राहतात.

यात नुसती हौस नाही. तिसऱ्या आठवड्यापासून साधारण बाराव्यापर्यंत पिल्लू जे बघतं-ऐकतं, त्याची त्याला पुढे भीती राहत नाही. कुकरची शिट्टी, मिक्सर, दारावरची बेल, पोरांचा धिंगाणा... हे पिंजऱ्यात कुठून मिळणार? आणि आईचं काय? चंद्रपूरचा मे महिना तुम्हाला सांगायला नको. पारा ४५ च्या वर जातो. कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही, धापा टाकूनच ते अंग थंड करतं. पत्र्याच्या शेडमधल्या गाभण मादीची कल्पना करा! घरी निदान कूलरसमोर पडून राहता येतं. मात्र तिला रात्री अंगणात बांधू नका. आपल्याकडे बिबट्या कुत्र्यासाठी वस्तीत येतो.

आता कामाचं बोलू. नऊ आठवड्यांनी ती व्याली की रात्री कोण जागणार? "मी बघेन" म्हणणारे यजमान घोरत असतात! शांत कोपऱ्यात कमी उंचीचं खोकं, त्यात जुनी सुती लुगडी, रोज बदलायची. पिल्लांना पहिले दिवस ऊब हवी, तेव्हा कूलरचा झोत त्यांच्यावर नको. डोळे उघडायला दहा ते चौदा दिवस लागतात. दूध पाजणारी आई थरथरू लागली, पाय ताठ झाले, तर सकाळची वाट पाहू नका. रक्तातलं कॅल्शियम उतरल्यानं तिचा जीवही जाऊ शकतो. त्याच पावली पशुवैद्य गाठा.

म्हणून वहिनींना म्हटलं, आधी कागद करा. २०१७ च्या केंद्राच्या नियमांप्रमाणे पैदास करणाऱ्याची नोंदणी लागते. ती नसेल तर बोलणंच नको. दीड वर्षाच्या आत आणि आठ वर्षांनंतर मादी लावायची नाही. वर्षातून एकदाच, उभ्या आयुष्यात फार तर पाच वेळा. आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायचं नाही. औषधपाणी, लसी आणि अडलीच तर शस्त्रक्रिया, हा खर्च कोणाचा, तेही लिहून घ्यायचं. पाच बाळंतपणं ही कायद्याची हद्द आहे, आपण तीनवर थांबलो तर कोण अडवतं? आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे, पिल्लं थांबल्यावर ती कुठे राहणार?

वहिनींनी हाच प्रश्न विचारला. गृहस्थ सहज म्हणाले, "मग मी घेऊन जाईन, तुम्हाला दुसरी तरुण देईन." वहिनींनी चहाचा कप खाली ठेवला. "भाऊ, जिची बाळंतपणं मी काढायची, तिला म्हातारपणी तुमच्या पत्र्याखाली पाठवू?"

ते उठून गेले. मुलं आठवडाभर रुसली होती. महिन्याभरानं गृहस्थ पुन्हा आले, नोंदणीची प्रत आणि कागद घेऊन. तीन वेतं, मग शस्त्रक्रिया त्यांच्या खर्चानं, आणि मादी कायमची वहिनींची.

सध्या ती सोनी नावानं ओळखली जाते आणि कूलरची जागा कोणालाही देत नाही. वहिनींनी माझी दोन जुनी लुगडी आताच मागून ठेवली आहेत.