आईंची पहिली 'शिकार'

"यंदा नाही जायचं," असं म्हणून अप्पांनी कॅनव्हासचे बूट परत कपाटाखाली सारले.

अप्पा म्हणजे माझे सासरे. वय वर्षं ऐंशी. दरवर्षी फाल्गुन लागला, की होळीच्या आधीच्या एखाद्या रविवारी ते आणि त्यांचे तीन मित्र पेणच्या खारेपाटात पक्षी बघायला जातात. चौघांची दोस्ती मिसरूड फुटायच्या वयातली. तरुणपणी हेच चौघं याच खारेपाटात बंदूक घेऊन बदकं मारायला जायचे. पुढे बंदूक गेली, दुर्बीण आली, पण आमच्या घरातला शब्द तोच राहिला. "अप्पा शिकारीला गेलेत," असंच आम्ही अजून म्हणतो. गेल्या दिवाळीनंतर चौघांपैकी पेणचे मास्तरकाका गेले आणि उरलेल्या तिघांचा धीरच सुटला.

सासूबाई समोर तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "तुम्ही जात नसाल, तर मी आणि मास्तरकाकू जाऊन येतो. आम्ही कुठं पाहिलंय ते!"

अप्पा बघतच राहिले. खरं सांगायचं तर मीही.

आईंचं लग्न १९६८ सालचं. त्या रोह्याला आल्या तेव्हापासून शिकारीच्या पहाटे उठून भाकऱ्या थापायच्या, सोबत चटणी-कांदा बांधून द्यायचा, माणसं परत आली की बदकं सोलायची, वाटण वाटायचं, रात्री आठ-दहा पानं वाढायची. शिकार बंद झाली, पण भाकऱ्या काही बंद झाल्या नाहीत. आणि एवढ्या वर्षांत तो खारेपाट मात्र त्यांनी डोळ्यांनी पाहिला नव्हता. रोह्याहून जेमतेम तासा-दीड तासाची वाट! कुणी 'येऊ नको' म्हटलं नव्हतं. पण 'चल' असंही कुणी म्हटलं नव्हतं.

शेवटी ठरलं. अप्पा, डॉक्टरकाका, एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टरकाका, आई, पेणहून मास्तरकाकू आणि पिशव्या उचलायला मी.

पहिला वाद साडीवरून. आईंनी ठेवणीतली लाल काठाची पिवळी साडी काढली. अप्पा म्हणाले, "अगं, भडक रंगाला पाखरं बुजतात. मातकट काहीतरी नेस." आई म्हणाल्या, "इतक्या वर्षांनी नेताय, ते मातकट नेसून?" मग मीच तडजोड केली. आत पिवळी साडी, वरून माझी जुनी खाकी शाल.

दुसरी अडचण खरी होती, आणि ती पुरुषांच्या लक्षातच आली नव्हती. खारेपाट म्हणजे उघडं रान. झाड नाही, आडोसा नाही. पंच्याहत्तरीच्या दोन बायका चार-पाच तास तिथं काढणार कशा? मैत्रिणींनो, आपल्या कितीतरी सहली या एका प्रश्नापाशीच अडतात आणि आपण तोंडानं मात्र "गुडघे दुखतात" असं सांगतो. आमच्या बचत गटातल्या एकीचं माहेर नेमकं त्या बांधालगतच्या गावात निघालं. तिच्या वहिनीला फोन केला. "या की, घर आपलंच आहे," ती म्हणाली. एका फोननं काम झालं.

पहाटेची रोहा-दिवा गाडी पकडली. नागोठणं गेलं, कासू गेलं. खिडकीबाहेर पळस फुललेला, आंब्याच्या मोहोराचा वास. डॉक्टरकाकांनी मोबाइल काढून एक फोटो दाखवला. त्यांचा पुतण्या अमेरिकेत असतो. त्यानं पाठवलेल्या फोटोत त्याच्या ओळखीचे चार-पाच म्हातारे मित्र बंदुका घेऊन चिखलात उभे होते आणि पुढ्यात पांढऱ्याशुभ्र हंसांची रास. स्नो गूज म्हणतात त्यांना. वसंतात हे हंस उत्तरेकडे परतायला लागले, की ही मित्रमंडळी दरवर्षी शिकारीच्या सहलीला निघतात म्हणे.

"फाल्गुनात शिकार?" अप्पांचा आवाज चढला. "घरी निघालेलं पाखरू मारत नाहीत."

डॉक्टरकाकांनी समजावलं. तिकडचं गणित उलटं आहे. मका, गहू, भात यांची यंत्रानं कापणी होते, शेतात दाणे सांडतात. ते खाऊन हिवाळ्यात मरणारे हंस जगायला लागले आणि त्यांची संख्या काही पटींनी वाढली. हे हंस गवत मुळासकट उपटून खातात. त्यांनी कॅनडात हडसन बेच्या काठची जमीन पार उघडी केली. तिथं इतर पक्ष्यांना घरटं करायला जागा उरेना. म्हणून १९९९ साली अमेरिकेच्या सरकारनं वसंतातही त्यांना मारायची परवानगी दिली. तरीसुद्धा बरीच वर्षं हंस हवे तेवढे कमी झाले नाहीत.

आपल्याकडे मात्र पाणथळ जागाच आटत चालल्या. १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा आला. मग परवान्याशिवाय शिकार बंद झाली आणि १९९१ च्या दुरुस्तीनं परवान्याची पळवाटही गेली. फणसाडचंच बघा ना! एकेकाळी जंजिऱ्याच्या नवाबाचं ते शिकारीचं जंगल. १९८६ साली त्याचं अभयारण्य झालं.

"घरी निघालेलं पाखरू मारत नाहीत म्हणे," इतका वेळ गप्प बसलेल्या आई एकदम म्हणाल्या. "आणि अंड्यावरचं मारतात वाटतं?"

अप्पा खिडकीबाहेर बघायला लागले. मला काही कळेना. मग आईंनीच सांगितलं. या घरात येऊन मला चोवीस वर्षं झाली, पण ही गोष्ट मी त्या दिवशी गाडीत पहिल्यांदा ऐकली.

१९७१ सालचा भाद्रपद. श्रावण पाळलेला, गणपतीही उठलेले, तोंडाची चव गेलेली. चौघं मित्र खारेपाटात गेले आणि दोन बदकं घेऊन आले. आई तेव्हा चार महिन्यांच्या गरोदर. माझ्या यजमानांच्या वेळी. परसात बसून त्यांनी पहिलं बदक साफ करायला घेतलं, तर पोटात अंडी. एक तर अगदी तयार, कवच धरलेलं. आईंनी सुरी खाली ठेवली, हात धुतले आणि सासूबाईंना सांगितलं, "हे माझ्याच्यानं होणार नाही. आजही नाही आणि पुढंही नाही."

त्या काळी नव्या सुनेनं असं बोलणं म्हणजे काय, ते तुम्हाला सांगायला नको. आजेसासूबाई दोन दिवस बोलल्या नाहीत. पण अप्पांनी त्यानंतर एकही पाखरू घरी आणलं नाही. वडिलार्जित बंदूक नुसती खुंटीवर. निवडणूक आली, की ती पोलीस ठाण्यात जमा करायची आणि मग परत आणायची. एका निवडणुकीनंतर ती परत आणायला अप्पा गेलेच नाहीत.

मी मनात हिशेब केला. सरकारचा कायदा १९७२ चा. आमच्या आईंचा त्याच्या एक वर्ष आधीचा!

पेण स्टेशनवर मास्तरकाकू उभ्या होत्या. गळ्यात मास्तरकाकांची दुर्बीण. त्यांच्याकडे बघताच कंडक्टरकाकांना भरून आलं, तसं काकूच म्हणाल्या, "चला, भरती गाठायची ना? हे नेहमी भरतीची वेळ बघून निघायचे."

भरतीचं कारण मला तिथं गेल्यावर उमगलं. धरमतर खाडीला ओहोटी असली, की पाखरं दूर चिखलात पांगलेली असतात. भरतीनं तो चिखल पाण्याखाली गेला, की ती बांधाच्या आतल्या पाण्यात येऊन बसतात. खारेपाटात बाहेरकाठ्याच्या बांधाला खांडी जाऊन कितीतरी भातशेती खाऱ्या पाण्यानं बुडाली. ज्यांची शेतं गेली त्यांचं दुःख फार मोठं. त्याच बुडालेल्या शेतात पाखरांची वस्ती होते, हे बघताना सुख वाटावं की वाईट, कळत नाही. त्या गावच्या वहिनींनी बोट दाखवून सांगितलं, "ते करकोचे उभे आहेत ना, तिथं आमचा भात व्हायचा."

बांधावर सतरंजी टाकली. समोर पाण्यावर नुसता कालवा. लांब टोकदार शेपटीची तलवार बदकं, चमच्यासारख्या चोचीचे थापटे, चिखलात चोच खुपसत फिरणारे पाणटिवळे. त्यातले बहुतेक हिवाळ्याचे पाहुणे, मध्य आशिया, सायबेरिया अशा लांबच्या मुलुखातून आलेले. आता उन्हं वाढली की परत निघणार. अप्पा एकेकाचं नाव सांगत होते.

जवळच्या पाण्यात एक जोडी शांतपणे पोहत होती. करड्या-तपकिरी अंगाची, साधीशीच. अप्पा म्हणाले, "ती चोच बघा. टोकाला पिवळी आणि मुळाशी दोन लाल ठिपके. म्हणून नाव हळदीकुंकू बदक. ही आपल्याकडचीच, बाराही महिने राहणारी."

नाव ऐकून मास्तरकाकूंनी दुर्बीण डोळ्यांना लावली. बराच वेळ त्या काही बोलल्या नाहीत. मग हळूच म्हणाल्या, "यंदा संक्रांतीला आळीत हळदीकुंकू झालं. मला कुणी बोलावलं नाही. इथं मात्र आपणहून समोर आलं बघ." आईंनी नुसता त्यांच्या पाठीवर हात ठेवला. मी मान खाली घातली. कारण संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मीसुद्धा शेजारच्या एका काकूंना बोलवायची राहिले होते. 'त्यांनाच अवघड वाटेल' अशी मनाची समजूत काढून. समाजकार्य करते म्हणवणारी मी!

आई डोळे बारीक करून त्या जोडीकडे बघत होत्या. एकाएकी म्हणाल्या, "याच्या पंखात हिरवी पट्टी असते. चकचकीत. तिला पांढरी कड."

"छे गं," अप्पा म्हणाले. "दिसतेय का कुठं हिरवी?"

तेवढ्यात कुठूनशी घार आली. जोडी पाण्यावरून उठली, पंख पसरले आणि उन्हात ती हिरवी पट्टी अशी काही चमकली! तिच्या कडेची पांढरी रेघही स्वच्छ दिसली.

"मी पिसं काढलीत त्यांची," आई म्हणाल्या. "मला नाही माहीत होणार?"

अप्पा काही बोलले नाहीत. त्यांनी दुर्बीण आईंच्या हातात दिली आणि ती कशी फिरवायची ते दाखवायला लागले.

नंतर भाकरी, बोंबलाची चटणी आणि पेणचे पोह्याचे पापड सुटले. शिंदीच्या झाडाला सुगरणीची गेल्या पावसाळ्यातली घरटी लोंबत होती. त्यावरून डॉक्टरकाकांनी सलीम अलींची गोष्ट काढली. ते लहानपणी छर्ऱ्याच्या बंदुकीनं चिमण्या मारायचे. एकदा मारलेल्या चिमणीच्या गळ्यावर पिवळा डाग दिसला. ही कुठली चिमणी, हे विचारायला ते मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेले आणि तिथून पक्ष्यांचेच होऊन गेले. आपल्याच अलिबाग तालुक्यातल्या किहीमला १९३० साली त्यांनी सुगरण पक्ष्यांचा अभ्यास केला. घरटं विणतो तो नर. मादी अर्धवट झालेलं घरटं येऊन पारखते, पसंत पडलं तरच तिथं राहते. शिवाय नराची अशी दोन-तीन बिऱ्हाडं असतात ती वेगळीच!

"म्हणजे काम करतो तो, आणि सुगरण म्हणून नाव तिचं?" आई म्हणाल्या. "एवढी एकच जागा दिसते जगात!" दोन्ही काका पोट धरून हसले. अप्पाही. मास्तरकाका गेल्यापासून अप्पांना इतकं मोकळं हसताना मी पाहिलं नव्हतं.

तुमच्याही गावाजवळ एखादा तलाव, खाडी, धरणाचं पाणी असेल. माघ-फाल्गुनात, पाखरं परत जायच्या आत, घरातल्या आजीला, सासूला, शेजारच्या एकट्या काकूला घेऊन जा. खर्च गाडीभाड्याचा आणि चहाचा. खाडी असेल तर भरतीची वेळ विचारून निघा, पाण्यापासून थोडं लांब बसा, आवाज करू नका आणि जवळचं एखादं ओळखीचं घर आधी फोन करून ठेवा. आणि पुढच्या हळदीकुंकवाला कुणाला बोलवायचं राहून जातंय, तेही एकदा बघा. मी यादी आत्तापासूनच केली आहे.

परतीच्या गाडीत आई खिडकीशी बसल्या होत्या. खाकी शाल पिशवीत गेली होती आणि पिवळी साडी चांगली दिसत होती. अप्पा म्हणाले, "पुढच्या वर्षी फणसाडला जाऊ. भाकऱ्या जरा जास्त घे."

"पुढच्या वर्षी मी शिकारीला येणार आहे," आई म्हणाल्या. "भाकऱ्यांचं तुम्ही बघा."