उंटाच्या पलीकडचं वाळवंट

दिवाळीच्या सुट्टीत जैसलमेरला जाऊन आलेल्या कुठल्याही घरचा अल्बम उघडा. उंट, उंटावर बाबा, उंटावर ताई आणि मागे मावळणारा लालबुंद सूर्य. झालं वाळवंट! घरच्यांसाठी हे फोटो छानच. पण तेच निसर्ग-छायाचित्र स्पर्धेला पाठवायचे म्हटलं, तर परीक्षकांनी असे सूर्यास्त किती पाहिले असतील, विचार करा.

अशा स्पर्धांमधली नावाजलेली स्पर्धा म्हणजे ‘वाइल्डलाइफ फोटोग्राफर ऑफ द इयर’. लंडनचं नॅचरल हिस्टरी म्युझियम ती भरवतं. मुलांचे तीन गट असतात: १० वर्षांपर्यंत, ११ ते १४ आणि १५ ते १७. मुलांना फी नाही, हे आईबाबांना आधी सांगा! २०१३ साली मुलांमधला सर्वोच्च मान मिळाला तो ग्वाल्हेरच्या १४ वर्षांच्या उदयन राव पवारला. चंबळच्या काठी मुक्काम करून, उजाडण्याआधीच तो सरपटत खाली उतरला आणि खडकाआड लपून बसला. थोड्या वेळानं घडियाल मादी, म्हणजे लांबट तोंडाची सुसर, पाण्यातून वर आली आणि इवलीइवली पिल्लं तिच्या डोक्यावर चढून बसली. तोच तो फोटो!

हीच युक्ती थरच्या वाळवंटातही चालते. सगळे साखरझोपेत असताना तुम्ही वाळूवर पोचायचं. थंडीच्या दिवसांत तिथली पहाट चांगलीच गारठवते, तेव्हा स्वेटर हवाच. सूर्य जमिनीलगत असतो तेव्हा वाळूच्या प्रत्येक लाटेला सावली असते आणि त्या सावलीतच रात्रपाळीवाल्यांची हजेरी लिहिलेली असते. बारीक टाक्यांची शिवण दिसली, तर तो किडा. एका रेषेत पडलेली पावलं म्हणजे बहुधा खोकड. आणि एकमेकांपासून तुटलेल्या तिरक्या रेघा दिसल्या, तर जपून! तिथून फुरसं गेलंय. कोकणातल्या वाचकांना त्याची ओळख करून द्यायला नकोच. रेघांचा फोटो काढा, माग काढत जाऊ नका. सूर्य वर चढला, वारा सुटला, की ही पाटी पुसली जाते.

एक गंमत पाहा. लख्ख वाळूचा फोटो नेहमी मळकट, करडा का येतो? कॅमेऱ्याला प्रत्येक दृश्य मध्यम उजेडाचं वाटतं, म्हणून तो वाळूलाही काळवंडून टाकतो. एक्स्पोजर थोडं अधिककडे सरकवलं, की वाळू उजळते. मोबाइलवरही हे जमतं. मात्र ऊन तापल्यावर लांबचं हरीण धूसर आलं, तर कॅमेऱ्याला दोष देऊ नका. तापलेली हवाच थरथरत असते. लाखाची लेन्स आणली तरी ती थरथर जात नाही. अशा वेळी सरळ सावली गाठावी. आणि उघड्यावर लेन्स बदलायची नाही. वाळूचा कण काचेवर पडला तर फुंकणीनं उडवायचा. रुमालानं पुसलात, तर चरा पडलाच म्हणून समजा.

आता प्राणी. सांडा नावाचा काटेरी शेपटीचा सरडा ऊन आलं की बिळातून बाहेर येतो. हा पक्का शाकाहारी. धावत गेलात, तर क्षणात गडप. पोटावर पडून गप्प राहिलात, तर येतो परत. कुणी ‘काढून दाखवू का?’ असं विचारलं, तर सरळ नाही म्हणा. तेलासाठी याची चोरटी शिकार होते, त्यात आपली भर नको. बिश्नोई गावांच्या आसपास चिंकारा फारसा बुजत नाही, कारण तिथली माणसं पिढ्यान्‌पिढ्या त्याला जपत आली आहेत. फलोदीजवळच्या खीचन गावी हिवाळ्यात हजारोंनी कांड्या करकोचे उतरतात. गावकरी त्यांना दाणे घालतात, म्हणून त्यांचे फोटो सोपे आहेत. मला विचाराल, तर तिथं पक्ष्यांइतकंच गावही फोटोत यायला हवं.

पण खरी कसोटी लागते ती माळढोकपाशी. राजस्थानात त्याला गोडावण म्हणतात. आपल्या सोलापूरजवळच्या नान्नजचं अभयारण्य याच पक्ष्यासाठी केलं होतं. आज जगात हे पक्षी उरलेत जेमतेम दीडशेच्या आसपास, त्यातले बहुतेक जैसलमेरच्या बाजूला. मादी बहुधा एकच अंडं घालते, तेही उघड्या जमिनीवर. जवळून फोटो हवा म्हणून तुम्ही दहा पावलं पुढे गेलात आणि ती उठून गेली, तर कावळा, खोकड किंवा भटका कुत्रा वाट पाहतच असतो. म्हणून घरट्यांचे फोटो काही स्पर्धा घेतच नाहीत.

मग काय करायचं? गाडीतच बसून लांबून फोटो घ्यायचा. पक्षी अंगठ्याएवढा येईल, येऊ दे. भोवती गवत, वर अफाट आभाळ आणि मागे विजेच्या तारा. त्या तारा चुकवायला जाऊ नका! माळढोकाला सरळ समोरचं कमी दिसतं आणि अंगानं जड असल्यानं ऐन वेळी वळता येत नाही. या तारांवर आपटून तो मरतो. तारांसकट घेतलेला लहानसा माळढोक फोटोत जे सांगेल, ते चोचीपर्यंत जवळ आणलेल्या फोटोत येणार नाही.

परीक्षकही फार बारकाईनं पाहतात, बरं का. २००९ मध्ये याच स्पर्धेत फाटकावरून झेप घेणाऱ्या लांडग्याचा फोटो पहिला आला होता. पुढे तो लांडगा शिकवलेला, पाळीव असावा असं परीक्षकांचं मत झालं. छायाचित्रकारानं ते नाकारलं, तरी २०१० च्या जानेवारीत फोटो बाद ठरला.

तेव्हा फोटोबरोबर ठिकाण, तारीख आणि तो कसा मिळाला, हे वहीत लगेच लिहून ठेवा. खोकडाच्या शेपटीचं टोकही टिपून घ्या: आपल्या माळावरच्या खोकडाचं काळं, वाळवंटी खोकडाचं पांढरं. सीमेजवळच्या काही भागांत परवानगी लागते, तिची चौकशी निघण्याआधीच करा. प्रवेशिका साधारण ऑक्टोबर ते डिसेंबरच्या सुरुवातीपर्यंत घेतात. म्हणजे दिवाळीत काढलेले फोटो घाई केलीत तर यंदा जातील, नाताळातले मात्र पुढच्या वर्षी.