मुरमाचा कडा किती तग धरेल?

सह्याद्रीतल्या घाटात रस्त्यासाठी कापलेला कडा नीट पाहा. बऱ्याच ठिकाणी खाली काळा, टणक बेसॉल्ट दिसतो. वर तोच खडक कुजून झालेला पिवळट मुरूम, आणि त्यात कांद्यासारखे पापुद्रे सुटलेले गोल धोंडे. हा उतार घसरण्याला किती विरोध करील, म्हणजे त्याचं कर्तनसामर्थ्य किती, हे ठरवणं फार अवघड. ताज्या खडकाचा नमुना प्रयोगशाळेत तपासता येतो, मातीचाही येतो. मुरमाचा मात्र काढतानाच हातात भुगा होतो, आणि नेमका धोंडाच हाती लागला तर उत्तर भलतंच फुगतं.

म्हणून अंदाज बांधावा लागतो. हातोडी मारल्यावर खडक खणखणतो की बद्द वाजतो, भेगा किती जवळजवळ आहेत, त्यांत चिकणमाती भरली आहे का, हे पाहून खडकाला गुण देतात. एव्हर्ट होक आणि एडविन ब्राउन यांनी 1980 मध्ये मांडलेल्या सूत्रात असे गुण घालून सामर्थ्य काढता येतं. मला अधिक भरवशाची वाटते ती उलटी रीत: शेजारचा उतार कोसळला असेल, तर त्या क्षणी ओढ आणि विरोध बरोबरीत होते असं धरून मागे हिशेब करायचा.

त्या हिशेबात पाण्याचा दाब हवाच. भेगांत साठलेलं पाणी खडकाचा भार पेलून धरतं आणि घर्षण घटतं. 30 जुलै 2014 रोजी पुणे जिल्ह्यातलं माळीण गाव दरडीखाली गाडलं गेलं ते मुसळधार पावसातच. दीडशेहून अधिक माणसं गेली. उन्हाळ्यातल्या कोरड्या नमुन्याच्या आकड्यावर पावसाळ्यातला उतार आखणं मला अक्षम्य वाटतं. नमुना भिजवूनच तपासावा, आणि कड्यात आडवी भोकं पाडून पाण्याला वाट करून द्यावी.