तळव्यावरचा डाग आणि यंत्राचा कौल

अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०११ साली ‘मेलाफाइंड’ या यंत्राला मान्यता दिली. कातडीला छेद न देता, वेगवेगळ्या प्रकाशात तिळाच्या प्रतिमा घेऊन ते मेलानोमाची, म्हणजे त्वचेच्या अत्यंत घातक कॅन्सरची शक्यता वर्तवत असे. चाचणीत त्याने ९८ टक्क्यांहून अधिक मेलानोमा पकडले. पण मेलानोमा नसलेल्या डागांपैकी जेमतेम १० टक्क्यांनाच ‘काळजी नको’ म्हटले. ते सगळे डाग आधीच संशयित म्हणून निवडलेले होते, हे यंत्राच्या बाजूने सांगायला हवे. तरीही डॉक्टरला त्याचा उपयोग कितीसा होणार? काही वर्षांतच ते बंद पडले.

असलेला आजार किती सापडला आणि नसलेला किती जणांच्या माथी मारला, हे दोन्ही विचारले तरच अचूकता कळते. या कसोटीवर मला साधा डर्मोस्कोपच सर्वांत भरवशाचा वाटतो. हातात मावणारे, साधारण दहापट मोठे दाखवणारे हे भिंग. त्याच्या खास प्रकाशात कातडीवरची चमक नाहीशी होते आणि आतली रंगाची जाळी दिसू लागते. कॉक्रेन संस्थेने २०१८ साली अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. ८० टक्के मेलानोमा सापडतील अशी पातळी धरली, तर निरोगी डागांपैकी नुसत्या डोळ्यांना ७५ टक्के बरोबर ओळखता येतात, डर्मोस्कोपच्या मदतीने ९५ टक्के. समजा, हजार संशयित डागांत शंभर मेलानोमा आहेत. उरलेल्या नऊशेंपैकी नुसत्या डोळ्यांच्या भरवशावर २२५ डाग विनाकारण कापले जातील, भिंग असेल तर ४५. मधल्या १८० जणांची जखम, खर्च आणि बायप्सीचा रिपोर्ट येईपर्यंतची धास्ती वाचते. वीस मेलानोमा मात्र दोन्हीकडे निसटतात, आणि ही गोष्ट मला अस्वस्थ करते.

लेझरने पेशींपर्यंत पाहणारा कॉन्फोकल मायक्रोस्कोप अवघड डागांत याच्याही पुढे जातो, पण तो महाग आहे आणि त्याच्या प्रतिमा वाचणारे तज्ज्ञ थोडे.

आपल्या दृष्टीने खरी अडचण वेगळीच आहे. या अभ्यासांतले बहुतेक रुग्ण गोऱ्या कातडीचे. भारतात मेलानोमा दुर्मीळ, पण होतो तेव्हा बऱ्याचदा तळव्यावर, तळहातावर किंवा नखाखाली. गायक बॉब मार्ली यांना तो पायाच्या अंगठ्याला झाला होता. १९८१ साली, वयाच्या ३६व्या वर्षी ते गेले. अशा जागेसाठी जपानी डॉक्टरांनी मोलाची खूण शोधली. तळव्याच्या कातडीवर उंच रेघा असतात आणि त्यांच्यामध्ये खाचा. साध्या तिळाचा रंग सहसा खाचांत दिसतो. मेलानोमाचा रंग रेघांवर, जिथे घामाची छिद्रे उघडतात. तोशियाकी साइदा आणि सहकाऱ्यांच्या २००४च्या अभ्यासात तळव्या-तळहातांवरच्या ८६ टक्के मेलानोमांत ही खूण सापडली, आणि साध्या तिळांपैकी ९९ टक्क्यांत ती नव्हती. एका भिंगाने एवढे कळते!

तळव्यावरचा डाग पसरत असेल किंवा नखातली काळी पट्टी रुंदावत असेल, तर त्वचारोगतज्ज्ञाकडे जावे आणि डर्मोस्कोपने पाहायला सांगावे. चुना-पापडखार लावून तो घरी जाळू तर मुळीच नये. वरचा रंग गेला की भिंगाला वाचायला काही उरत नाही आणि मेलानोमा असलाच, तर तो खाली वाढत राहतो.