आराखड्याची पाने: विमानप्रतिकृतींच्या मासिकांचा मागोवा

१६ एप्रिल २०२५ रोजी मुंबईहून निघालेले प्रवासी विमान बेलोरा विमानतळावर उतरले आणि अमरावती जिल्ह्याची नियमित हवाई सेवेची जुनी मागणी पूर्ण झाली. त्याच महिन्यात राष्ट्रीय छात्रसेनेच्या हवाई शाखेला ७५ वर्षे झाली आणि नोव्हेंबरमध्ये ‘एरोमॉडेलर’ या ब्रिटिश मासिकाच्या पहिल्या अंकाला ९० वर्षे झाली. पहिल्या घटनेचा वऱ्हाडात यथास्थित गाजावाजा झाला. उरलेल्या दोहोंची आठवण क्वचितच कोणी काढली. मात्र विमानात बसण्यापूर्वी विमान बांधून पाहावे, असे शिकवणारी जी परंपरा होती, तिचा संबंध या विस्मृत घटनांशीच आहे.

या परंपरेचा आरंभ परदेशातला. अमेरिकेत १९२९ मध्ये ‘मॉडेल एअरप्लेन न्यूज’ आणि ब्रिटनमध्ये १९३५ मध्ये ‘एरोमॉडेलर’ सुरू झाले. रबराच्या पिळावर उडणाऱ्या विमानांची वेकफील्ड चषक स्पर्धाही त्याच सुमारास रुजली. भारतात १९५० मध्ये छात्रसेनेची हवाई शाखा मुंबई व कलकत्ता येथे सुरू झाली आणि पुढे एरोमॉडेलिंग, म्हणजे उडणाऱ्या किंवा केवळ दाखवण्याच्या विमानप्रतिकृती बांधण्याची विद्या, तिच्या प्रशिक्षणाचा भाग बनली. त्यानंतरची दोन दशके संस्थांच्या वाढीची असली तरी मराठी वाचकाच्या दृष्टीने ती बव्हंशी कोरडीच गेली.

खरा रस आहे तो १९७० च्या दशकात. परकीय चलनाच्या टंचाईमुळे छंदाच्या वस्तूंची आयात त्या काळी परवान्यांच्या जाळ्यात अडकलेली होती. बाल्सा, म्हणजे इक्वेडोरमधून येणारे, पाण्याच्या साधारण एक-षष्ठांश घनतेचे हलके लाकूड, चैनीची वस्तू ठरवले गेल्यासारखे दुर्मिळ होते. मासिके पोहोचत ती बहुधा शिळी होऊन, ग्रंथालयांतून किंवा रद्दीच्या दुकानांतून. त्यांत आराखडा लहान करून छापलेला असे. पूर्ण आकाराचा आराखडा टपालाने मागवता येई, परंतु त्यासाठी परदेशी चलन लागे. म्हणून वाचकाला छापील आराखड्यावर चौकटी आखून तो मोठ्या कागदावर प्रमाणात उतरवावा लागे, पंखाची प्रत्येक फासळी वेगळी काढावी लागे, आणि गुरुत्वमध्य, म्हणजे जेथे आधार दिला असता विमान समतोल राहते तो बिंदू, पंखाच्या पुढच्या कडेपासून साधारण एक-तृतीयांश अंतरावर येतो की नाही, हे बोटांवर तोलून पाहावे लागे. शाळेत निर्जीव वाटणारी भूमिती येथे उपयोगी पडे, कारण चुकलेल्या कोनाची शिक्षा गुणपत्रिकेत न मिळता विमान कोसळण्यात मिळत असे.

इंजिनांची गोष्ट याहून बोधप्रद आहे. कोलकात्यात ‘ऑरोरा’ नावाची छोटी इंजिने तयार होत. या वर्गातील डिझेल इंजिनांना ठिणगीची गरज नसे, कारण दाबल्याने तापलेल्या हवेतच इंधन पेट घेई, आणि ते इंधन ईथर, रॉकेल व एरंडेल यांच्या मिश्रणाने घरीही सिद्ध करता येई. अशी विमाने पुष्कळदा ‘कंट्रोल लाइन’ पद्धतीने उडवली जात. या पद्धतीत मध्यभागी उभ्या असलेल्या व्यक्तीच्या हातातील दोन तारांच्या ओढीने विमान वर्तुळात फिरते आणि नाक वर किंवा खाली करते. नागपूरच्या छात्रसेना पथकापर्यंत ज्यांचा हात पोहोचला त्यांना हे ज्ञान मिळाले. अमरावती जिल्ह्यातील, सातपुड्याच्या पायथ्याच्या शेंदूरजनाघाटसारख्या गावातील विद्यार्थ्याला मात्र ते मिळण्याचा मार्ग एकच होता, तो म्हणजे छापील पान, आणि मराठीत नेमके तेच नव्हते.

हा दोष साधनांच्या टंचाईवर ढकलता येत नाही. विज्ञानाला वाहिलेले पुण्याचे ‘सृष्टिज्ञान’ होते, लहान उद्योगांच्या कृती सांगणारे नागपूरचे ‘उद्यम’ होते, १९७१ पासून मुलांसाठी ‘किशोर’ही होते, तरीही विमानप्रतिकृतींचे आराखडे सातत्याने छापणारे मासिक मराठीत रुजले नाही. पाने मात्र खर्च झाली ती शिवकर बापूजी तळपदे यांनी १८९५ मध्ये मुंबईच्या चौपाटीवर विमान उडवल्याच्या आख्यायिकेवर. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील अभ्यासकांनी १९७४ मध्ये, या आख्यायिकेला आधार म्हणून दाखवल्या जाणाऱ्या ‘वैमानिक शास्त्र’ या ग्रंथाची चिकित्सा करून त्यातील विमाने उडू शकणार नाहीत आणि तो ग्रंथ विसाव्या शतकाच्या आरंभीचा आहे, असे दाखवून दिल्यावरही हा सोस ओसरला नाही. याउलट कोल्हापूर जिल्ह्यातून पुढे आलेले, १९५१ मध्ये प्रथम उडालेल्या एचटी-२ या प्रशिक्षण विमानाची रचना करणारे डॉ. विष्णू माधव घाटगे यांच्या वाट्याला या आख्यायिकेच्या तुलनेत अल्प जागा आली. ज्या भाषेने न झालेल्या उड्डाणाचा अभिमान जपला, तिने होऊ शकणाऱ्या उड्डाणाची कृती छापली नाही, ही या मागोव्यातील सर्वांत बोचरी नोंद आहे.

१९९१ नंतर बाजार खुला झाला, रेडिओ नियंत्रण व पुढे लिथियम बॅटरी आवाक्यात आल्या, आणि त्याबरोबर बांधण्याचे काम कमी होत गेले. ऑगस्ट २०२१ च्या ड्रोन नियमांनी २५ किलोपर्यंतच्या, शिक्षणासाठी किंवा हौसेसाठी नजरेच्या टप्प्यात उडवल्या जाणाऱ्या प्रतिकृतींना प्रकार प्रमाणपत्राच्या, म्हणजे यंत्राच्या रचनेला लागणाऱ्या सरकारी मान्यतेच्या, अटीतून सूट दिली. आज शेतात फवारणी करणारा ड्रोन उपयुक्त आहे, यात शंका नाही. परंतु तो स्वतःचा तोल स्वतः सांभाळतो, म्हणून चालवणाऱ्याला तोल म्हणजे काय हे कळण्याची गरज उरत नाही.

शेंदूरजनाघाट हे संत्र्याच्या रोपवाटिकांचे गाव आहे. जंबेरीच्या खुंटावर डोळा बांधताना लागणारी धारदार चाकूवरची पकड आणि धीर तेथील मुले घरीच शिकतात, आणि विमानाची फासळी कापायला याहून वेगळे कौशल्य लागत नाही. विमानतळ मिळालेल्या जिल्ह्यातील शाळांनी आणि मराठी मासिकांनी आता एवढेच करावे: महिन्याला एक आराखडा पूर्ण आकारात, मोजमापांसह, मराठीत छापावा आणि तो बांधून घ्यावा. त्याला ना परकीय चलन लागते, ना परवाना.